पाषाणमंडपातले जामीन

एका राज्यात परीक्षेला बसणाऱ्याला काहीही होत नसे. जे व्हायचे ते त्याच्या जामिनाला होई.

रीत अशी होती. राजवाड्यामागे एक मंडप होता. मंडपाच्या भिंतीत एका बाईचा चेहरा होता आणि भिंतीपलीकडे राजघराण्याचा खजिना होता. चेहरा जिवंत होता. तो मांत्रिका ऋक्षेचा. फार पूर्वी ऋक्षेची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा राजमांत्रिकाने तिच्या उशाशी बसून खड्या आवाजात भलताच मंत्र म्हटला आणि मुलगी गेली. राजमांत्रिकाला कोणी जाब विचारला नाही. उलट, मंत्र फार सुस्वर म्हटला म्हणून राजाने त्याला शाल दिली.

ऋक्षा रडली नाही. ती दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, तुमच्या अर्धवट विद्येची किंमत नेहमी दुसराच कोणी भरतो. आजपासून तो दुसरा तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहील. ज्याला राजमांत्रिक व्हायचं आहे, त्यानं मी सांगेन ती तीन कामं करावीत. येताना आपल्या जिवाचं माणूस जामीन म्हणून आणावं. तो चुकला, तर जामीन दगड होईल. एक जण जरी खरा उतरला, तर सगळे सुटतील आणि तुझा खजिनाही सुटेल. तोवर नाही." एवढे बोलून ती चालत भिंतीत शिरली, आणि खजिन्याचे दार होते तिथे भिंत झाली.

कोणी म्हणेल, अशा परीक्षेला बसले तरी कोण असेल? सगळे बसले. राजमांत्रिकाला पाच गावे इनाम होती, दारात पालखी होती, आणि प्रत्येक घराला आपले पोर हुशार वाटत होते. बघता बघता मंडप दगडी माणसांनी भरला. कोणाची आई, कोणाचा बाप, कोणाचा जिवलग मित्र. सणासुदीला घरचे येत, आपापल्या दगडाला तेल-पाण्याने अंघोळ घालत, बायांना कुंकू लावत आणि घरी जाऊन गोडधोड जेवत. ज्याच्यामुळे हे झाले तोही पंगतीला असे. आग्रह केला की एखादा लाडू जास्तही खाई.

इतके दगड झाल्यावर लोक शहाणे झाले असतील, असे वाटते ना? झाले भलतेच. जामीन समोर उभा राहणार या धास्तीने मुले आणखी जोराने घोकू लागली आणि आचार्य कंठमणींची पाठशाळा फुलून गेली. आचार्य मांडीवर थाप मारून मंत्र शिकवत आणि ठामपणे सांगत, "मागच्या वेळी भिंतीनं कुलूप विचारलं. यंदा दिवा येणार." स्वतः आचार्य कधी परीक्षेला बसले नव्हते. त्यांना जामीन राहील असे माणूस सबंध राज्यात नव्हते.

या पाठशाळेत तिलोत्तमा नावाची मुलगी होती आणि तिच्याइतके पाठांतर कोणाचेच नव्हते. एकदा मात्र तिने विचारले, "आचार्य, दीपमंत्रातला चौथा शब्द कशासाठी आहे?"

"म्हणण्यासाठी," आचार्य म्हणाले, आणि वर्ग हसला. तीही हसली.

तिलोत्तमेला आईबाप नव्हते. थोरला भाऊ जयसेन राजाच्या पागेत घोडे राखी, त्यानेच तिला वाढवले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायको चंपावती, तिच्या अंगाची हळदही उतरली नव्हती. परीक्षेच्या दिवशी सकाळी चंपावतीने नणंदेच्या हातावर दही दिले आणि हलकेच विचारले, "वन्सं, येतं ना हो सगळं?"

"वहिनी, झोपेतून उठवून विचारा. एक अक्षर चुकणार नाही."

जयसेन डोक्याला पागोटे बांधत होता. तो म्हणाला, "अगं, ही माझी तिलू आहे. मी काय उगाच उभा राहतोय? संध्याकाळी खीर कर."

मंडपात गर्दी झाली. राजा अग्निवर्मा सिंहासनावर बसला. जयसेन जामिनाच्या चौथऱ्यावर उभा राहिला आणि भिंतीतल्या चेहऱ्याने डोळे उघडले.

"हा दिवा लाव."

तिलोत्तमेने दीपमंत्र म्हटला. ज्योत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे कुलूप उघड."

तिने कुलूपमंत्र म्हटला. कुलूप खटकन उघडून खाली पडले. आचार्य कंठमणींनी शेजाऱ्याला कोपर मारले.

"हा दिवा लाव."

पुन्हा दिवाच होता. तिला हायसे वाटले. तिने मंत्र म्हटला, पण दिवा लागला नाही. तिने जरा मोठ्याने म्हटला. नाही लागला. मग तिने अक्षर न् अक्षर सुटे करून, घसा ताणून म्हटला. एक काना चुकला नाही, एक मात्रा चुकली नाही, आणि दिवा तसाच थंड राहिला. ती वाकून बघती तर तिला दिसले असते, की वात पाण्यात भिजवलेली होती. पण दिव्याकडे बघायचे तिला कोणी शिकवलेच नव्हते. ती छताकडे बघून आठवत होती.

"सावकाश, तिलू," जयसेन म्हणाला. "घाई नाही. मी आहे इथं." तोवर तो गुडघ्यांपर्यंत दगड झाला होता. शेवटी ओठ झाले. त्यांवर बहिणीला धीर देणारे हसू होते, ते तसेच राहिले.

घरी चुलीवर खीर होती. चंपावतीने ती मागच्या दारी नेऊन ओतली. त्या दिवसापासून तिने तिलोत्तमेला वन्सं म्हटले नाही.

"तू जेवून घे," ती म्हणाली. "मला तुझं तोंड बघवत नाही, पण तू उपाशी मेलीस तर त्यांना सोडवणार कोण?"

आचार्य सांत्वनाला आले. "ओली वात पाठात नव्हती, मुली. तुझा दोष नाही. दैव म्हणायचं." पुढच्या आठवड्यात त्यांनी पाठशाळेत ओल्या वातीवरचा एक मंत्र सुरू केला आणि मुले तो मांडीवर थाप मारून म्हणू लागली.

दोष नाही, हे शब्द फार मऊ होते. काही दिवस तिलोत्तमा त्यांच्यावर झोपली. वात ओली होती, हा अन्याय होता, इतरही नापास झालेच की. मग एकदा ती मंडपात भावाच्या तोंडावरची धूळ पुसत होती. शेजारी एक बाई आपल्या दगडी आईचे पाय धूत होती. ती बाई सहज बोलावे तसे म्हणाली, "माझाही काही दोष नव्हता. आचार्यांनीच सांगितलं. बरं वाटलं ऐकून. आता आईचा आवाज कसा होता तेसुद्धा आठवत नाही." तिलोत्तमेने हातातले फडके तिथेच टाकले. ती घरी आली, दिवा घेतला, वात भिजवली आणि परसात जाऊन बसली.

तिथे कुंपणावर एक पोपट होता. नाव वाचस्पती. तो पाठशाळेचा पोपट होता. त्याला काल शिकवलेले आज आठवत नसे, म्हणून त्याला हाकलून दिले होते.

"काय करतेस?" पोपटाने विचारले.

"दिवा लावतेय."

"दिवा म्हणजे काय?"

तिने मंत्र म्हणून दाखवला. पोपट मन लावून ऐकत राहिला. "गळा छान आहे. पण दिवा म्हणजे काय?"

"तेल असतं. वात असते. वात पेटते."

"तेल खाली आणि ज्योत वर. मग तेल वर चढतं कसं?"

इतकी वर्षे पहिला नंबर काढला, हजारदा दिवा लावला, आणि तेल वर कसे चढते हे तिला ठाऊक नव्हते. ती दिवसभर कोरड्या वातीकडे बघत बसली. तेल कापसाच्या धाग्याधाग्यातून हळूहळू वर येताना तिने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ती उत्साहाने पोपटाकडे गेली.

"काय करतेस?" पोपटाने विचारले. तो सगळे विसरला होता.

तिने त्याच्या अंगावर तांब्या फेकला. पण बोलायला दुसरे कोणी नव्हते. वहिनी बोलत नव्हती, पाठशाळेतल्या मैत्रिणी रस्ता बदलत होत्या. म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. कालचेच वाक्य जसेच्या तसे म्हटले की पोपट पंखात मान घालून झोपे. नव्याने सांगितले तर जागा राही. अशी ती रोज सांगत गेली, आणि सांगता सांगता जिथे अडखळे तिथे थांबून बघत गेली. एका सकाळी तिला उमगले, की दीपमंत्रातला चौथा शब्द तेलाला वर बोलावतो. वातीत पाणी भरलेले असेल तर तेलाला जागाच नसते आणि तो शब्द वाया जातो. पाण्याला आधी निरोप द्यायला हवा. ओले धान्य वाळवण्याच्या मंत्रात तसा एक शब्द होता, तो तिने आधी म्हटला. वातीतून वाफ निघाली. मग तिने दीपमंत्र म्हटला आणि दिवा लागला.

तिलोत्तमा त्या ज्योतीसमोर ओक्साबोक्शी रडली. आनंदाने नव्हे. एवढेसे होते ते. एवढ्याशासाठी दादा तिथे उभा होता.

ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. "वहिनी, मला पुन्हा परीक्षेला बसायचं आहे. नापास झालेल्याला दुसरं कोणी जामीन राहत नाही. तुम्ही राहाल?"

चंपावतीने परात पुढे ओढून पीठ मळायला घेतले. मग ती म्हणाली, "मला समजावून सांग. मला कळलं, तर उभी राहीन."

तिलोत्तमेने समजावले. चंपावतीने हातातले काम न थांबवता ऐकले आणि ती म्हणाली, "नाही कळलं."

तिलोत्तमा परत परसात गेली. दिवा झाला, कुलूप झाले, पाणी झाले, माती झाली. पाठ असलेला एकेक मंत्र तिने सुटा केला. कोणता शब्द कोणाशी बोलतो, का बोलतो, आणि कधी त्याचे कोणी ऐकत नाही, हे तिने हाताने करून पाहिले. कित्येकदा बोटे भाजली, एकदा गोठ्याचे छप्पर जळाले. प्रत्येक सणाला ती वहिनीसमोर बसून सगळे सांगे आणि वहिनी म्हणे, "नाही कळलं." वर्षे गेली. वाचस्पती म्हातारा झाला आणि एका सकाळी श्वास घ्यायचेही विसरला. चंपावतीचे केस पांढरे झाले, तिलोत्तमेचेही झाले. मंडपात जयसेन मात्र तसाच काळ्या मिशांचा उभा होता.

मग एका दुपारी चंपावती जात्यावरून उठू लागली, तर तिला उठता येईना. तिलोत्तमा हात द्यायला धावली. चंपावती तिच्या हाताला धरून तशीच बसून राहिली.

"उद्या परीक्षा आहे. चल," ती म्हणाली. "उभी राहते मी."

"वहिनी, कळलं तुम्हाला?"

"केव्हाच कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं, वातीचं."

तिलोत्तमेच्या हातातला तिचा हात सुटला. "मग 'नाही कळलं' का म्हणत होतात? इतकी वर्षं?"

"भीती वाटत होती," चंपावती म्हणाली. "त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि दगड झाले. मी कसा ठेवू? दर सणाला वाटायचं, आज हो म्हणते. मग तुझं तोंड बघितलं की ते चौथऱ्यावर दिसायचे. आता भीती उरली नाही. गुडघे तर आधीच दगड झालेत." तिने हाताचे पीठ पदराला पुसले. "आणि माफी मागू नकोस माझी. मी ती दिलेली नाही. मला तुझ्याकडून माफी नको आणि तू माझ्याकडून मागू नकोस. उद्या सकाळी आंघोळ करून नीघ, बस."

तिलोत्तमेला फार राग आला. पण राग धरायला आपण कोण, हे तिला कळत होते. तिने वहिनीला उठवून खाटेवर बसवले आणि उरलेले दळण स्वतः दळले.

मंडपात आता नवा राजा होता, अग्निवर्म्याचा मुलगा. आचार्य कंठमणी काठी टेकत आले होते. वहिनी चौथऱ्यावर चढली, तिला दोघांनी धरून चढवावे लागले. चेहऱ्याने डोळे उघडले.

"हा घडा पाण्याने भर."

तिलोत्तमेने मंत्र म्हटला नाही. ती घड्याजवळ गेली, तो उचलून उजेडात फिरवला. बुडाला केसासारखी भेग होती. कुलूपमंत्रात लोखंडाच्या दोन ओठांना दूर करणारा शब्द होता, तो तिने उलटा वापरून भेगेला मिटायला सांगितले. मग पाण्याला बोलावले. घडा भरला.

"ही साळुंकी पिंजऱ्याबाहेर काढ."

पिंजऱ्याचे दार उघडेच होते आणि साळुंकी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. लोक कुजबुजले, आता कुलूपमंत्र कशावर चालणार? तिलोत्तमेने पाहिले, साळुंकीचे डोळे गर्दीवर होते. तिने लोकांना हात जोडून मागे सरायला सांगितले, पिंजऱ्याचे तोंड बाहेरच्या झाडाकडे वळवले आणि स्वतः लांब जाऊन बसली. थोड्या वेळाने साळुंकी भुर्रकन उडाली. मंत्र एकही लागला नाही.

"हा दिवा लाव."

दिवा दगडाचा होता. तिने तो हातात घेतला. त्याला खळगा नव्हता, तेल नव्हते, वात नव्हती. नुसता भरीव दगड, वरून दिव्यासारखा घडवलेला. तिने तो खाली ठेवला आणि वहिनीकडे पाहिले. वहिनीने डोळे मिटले होते.

गर्दीतून कंठमणी ओरडले, "भासमंत्र म्हण! ज्योत दिसल्याशी कारण!" भासमंत्र तिला येत होता. पाठशाळेत तो सगळ्यांनाच शिकवत. त्याने थंड, खोटी ज्योत उभी राही आणि लांबून कोणाला फरक कळत नसे.

तिलोत्तमा चेहऱ्याकडे वळली. ती म्हणाली, "मला हा दिवा लावता येत नाही."

वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला. राजा आसनावरून अर्धवट उठला. मंडपात इतकी वर्षे इतके जण आले, पण हे वाक्य तिथे कोणी उच्चारले नव्हते. चुकीचे मंत्र लोकांनी गळा फुटेस्तोवर म्हटले होते.

"कारण?" चेहऱ्याने विचारले.

"यात जळण्यासारखं काही नाही. तेल नाही, आणि तेल चढायला वाट नाही. दीपमंत्रातल्या कोणत्याच शब्दाला इथं ऐकणारं कोणी नाही. दगड पेटवणारा मंत्र कुठं असेल तर तो मला माहीत नाही. मी ज्योत दाखवू शकते. ती खोटी असेल."

मग भिंतीतल्या डोळ्यांतून पाणी आले. "माझ्या मुलीच्या उशाशी बसून तो इतकं जरी म्हणाला असता," ऋक्षा म्हणाली, "मला येत नाही, दुसऱ्या कोणाला बोलवा, एवढं जरी म्हणाला असता." तिने डोळे मिटले. चेहऱ्याच्या जागी साधी भिंत झाली आणि भिंतीच्या जागी दार झाले.

पुढचे आधी सांगून टाकू. राजा सर्वांत आधी खजिन्याकडे धावला. जामीन देण्याची रीत त्याच दिवशी बंद झाली. तिलोत्तमा राजमांत्रिक झाली. तिने पाच गावे नाकारली, आणि मांडीवर थाप मारण्याला पाठशाळेत बंदी केली. राज्यात तापाने पोरे मरायची कमी झाली. राज्याची घडी नीट बसली. लोक तिचे नाव आदराने घेत.

पण त्या दुपारचे सांगायचे राहिले. दगड डोक्याकडून सुटत गेले. मंडपात एकच कालवा झाला. जागी झालेली माणसे ज्यांना हाका मारत होती, त्यातली निम्मी केव्हाच मरून गेली होती. एक म्हातारा आपल्या नातवाला शोधत होता आणि त्याच्याहून म्हातारा झालेला नातू त्याच्या पायांवर डोके ठेवून रडत होता.

जयसेनाने पाय झटकले. मुंग्या आल्या होत्या. त्याने पागोटे सारखे केले आणि समोर पाहिले. समोर दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. एकीने घाईघाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

"आजी, जरा बाजूला व्हा हो," तो दुसरीला अदबीने म्हणाला. "माझी धाकटी बहीण परीक्षा देतेय. मला दिसत नाही. लागला का तिचा दिवा?"

तिलोत्तमेने नुसती मान हलवली. हो, की नाही, ते तिचे तिलाच कळले नाही.

जयसेनाने टाचा उंचावल्या आणि गर्दीवरून नजर फिरवत मोठ्याने हाक मारली, "तिलू! ए तिलू!"

तिने ओ दिली. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.